भिंतीपलीकडचं रडणं



आजचं वाचन: महाभारत, आदिपर्व, बकवधाचा प्रसंग.

बकासुराची गोष्ट कुणाला माहीत नाही? गाडाभर भात, दोन रेडे, ते घेऊन जाणारा एक माणूस, आणि शेवटी सगळं अन्न आपणच फस्त करून राक्षसाला लोळवणारा भीम. मी मूळची एरंडोलची. आमच्याकडे एरंडोल म्हणजेच ती एकचक्रा नगरी असं मानतात. बिहारातलं आरा आणि बंगालातलं एक गावही हाच मान सांगतं, तो वाद आज नको. पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला आलेला माणूस भीमकुंड बघितल्याशिवाय परत जात नाही, एवढं मात्र खरं. लहानपणी आम्हाला त्या गोष्टीत फक्त भीम दिसायचा. यावेळी वाचताना मी भीमाच्या आधीच्या भागापाशी अडकले. आजचं चिंतन त्या भागावर आहे.

प्रसंग असा. पांडव वेष बदलून एका ब्राह्मणाच्या घरी राहतायत. चौघे भाऊ भिक्षेला गेलेत, घरी कुंती आणि भीम. तेवढ्यात आतल्या घरातून रडण्याचा आवाज येतो. कुंती भीमाला म्हणते, आपण यांच्या आसऱ्याला राहतो, यांचं काहीतरी देणं लागतो. भीम म्हणतो, आधी दुःख काय आहे ते विचारून ये. कुंती आत जाते, आणि तिच्या कानावर घरच्यांचं बोलणं पडतं.

त्या बोलण्याचा क्रम नीट बघा. राक्षसाकडे जायची पाळी या घरावर आलीय. घराचा कर्ता पहिल्यांदा काय म्हणतो? बायकोला म्हणतो, मी तुला सांगत होतो हे गाव सोडू, तू ऐकलं नाहीस, तुला माहेरचं घर सोडवेना. म्हणजे संकट दारात उभं आहे आणि पहिलं वाक्य काय, तर *तुझ्यामुळे*. मग बायको म्हणते, मी जाते. मग मुलगी म्हणते, मला एक दिवस दुसऱ्याच्या घरी द्यायचंच आहे, तर आत्ताच द्या. आणि सगळ्यात शेवटी, नीट बोलताही न येणारं धाकटं पोर हातात गवताची काडी घेऊन पुढे येतं आणि म्हणतं, मी याने त्या राक्षसाला मारतो. तेवढ्या रडण्यातही सगळ्यांना हसू फुटतं. कुंती नेमकी त्या क्षणी पुढे होते आणि विचारते, तुमच्या दुःखाचं मूळ काय आहे ते सांगा.

आता आजचा प्रश्न. घरातलं मूल मनाने आजारी पडलं, तर दोष कोणाचा?

हा प्रश्न मला सुचला तो माझ्या आतेबहिणीमुळे. ताई एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात मुलांच्या मानसोपचार वॉर्डमध्ये सिस्टर आहे. दिवाळीत घरी आली की तिच्याकडून कुणाचं नाव-गाव कधी ऐकायला मिळत नाही, ते ती सांगतच नाही. पण कामाबद्दल मात्र भरभरून बोलते. एकदा ती म्हणाली, "अगं, पहिल्या दिवशी पोराचं नाव लिहून व्हायच्या आत मला दोन गोष्टी ऐकू येतात. बाप म्हणतो, 'हिनेच लाडावलं.' आई म्हणते, 'आमच्या हातून काय पाप झालं हो सिस्टर?' आणि पोर दोघांच्या मधे बसून सगळं ऐकत असतं."

मला लगेच एकचक्रा आठवली. काळ बदलला, घर तेच आहे.

आपण तरुण मंडळी म्हणू, हे जुन्या लोकांचं. पण दोष शोधायची हौस शिकलेल्यांनाही तेवढीच असते. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांत नावाजलेले तज्ज्ञ असं लिहायचे की मुलाला ऑटिझम होतो तो आईच्या थंडपणामुळे. 'रेफ्रिजरेटर मदर' असा शब्दच रूढ झाला होता. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली आपल्या पुस्तकात हेच मत लोकांसमोर ठेवलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी हे खोडून काढणारं पुस्तक लिहिलं होतं. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. पुढे ती कल्पना संशोधनात टिकली नाही. पण तोवर किती आयांनी स्वतःलाच गुन्हेगार मानून आयुष्य काढलं असेल! आपल्याकडे त्याच जागी 'नजर लागली', 'बाहेरचं झालं', 'मागच्या जन्मीचं' हे शब्द येतात. विज्ञानाच्या भाषेतला दोष काय आणि भगताच्या भाषेतला दोष काय, आईच्या पदरात पडणारं ओझं सारखंच.

कुंती काय करते? ती त्या बाईला विचारत नाही, नवऱ्याने गाव सोडायला सांगितलं तेव्हा का नाही ऐकलंस. ती नवऱ्यालाही सुनावत नाही, की बाबा रे, आत्ता ही वेळ आहे का उणंदुणं काढायची. तिचा प्रश्न एकच: दुःखाचं मूळ काय. आपण पटकन म्हणू, मूळ शोधणं म्हणजेच दोष शोधणं. पण तसं नाही. दोष विचारला की माणूस मागे बघतो आणि स्वतःला वाचवायला लागतो. मूळ विचारलं की सगळेजण एकाच बाजूला उभे राहून समोर बघायला लागतात. त्या घरात कुंतीने विचारेपर्यंत प्रत्येकजण एकमेकांकडे बघत होता. तिने विचारल्यावर बकासुराचं नाव आलं.

ताई सांगते, तिचं अर्धं काम हेच आहे. मुलाशी बोलायचं तर आधी त्याच्या उंचीला यायचं, म्हणजे सरळ जमिनीवर मांडी घालून बसायचं. आपलं नाव सांगायचं. पहिल्याच दिवशी दहा प्रश्न विचारायचे नाहीत. खेळ मांडायचा, रंग द्यायचे आणि बघायचं. झोप किती, जेवण किती, कुणाजवळ बसतं, कुणापासून लांब सरकतं. राग आला तर रागाच्या आधी काय घडलं आणि नंतर घरच्यांनी काय केलं, हे लिहून ठेवायचं. गोळी दिली तर ती खरंच गिळली ना, हे बघायचं. जीव द्यायचा विचार मनात असलेल्या मुलीच्या खोलीत ओढणी, दोरी, काच राहू द्यायची नाही, आणि हे सगळं तिला कैद्यासारखं वाटू न देता करायचं. आणि मग आईवडिलांना शिकवायचं: कधी दुर्लक्ष करायचं, कधी शाबासकी द्यायची, औषध कुणालाही न विचारता का बंद करायचं नाही. "डॉक्टर राउंडला येऊन जातात," ती म्हणते, "रात्री तीन वाजता पोर घाबरून उठतं तेव्हा आम्ही असतो."

नर्सिंगच्या अभ्यासात हिल्डेगार्ड पेप्लाव या बाईंचं नाव येतं. त्यांनी १९५२ साली लिहिलेल्या पुस्तकात परिचारिकेच्या वेगवेगळ्या भूमिका सांगितल्या, आणि त्यांतली पहिली कोणती, तर *अनोळखी माणूस*. ताईने हे सांगितलं तेव्हा मी हसले. कुंतीही त्या घरात अनोळखीच होती. तिला त्यांचं गोत्र, त्यांची भांडणं, जुना हिशोब यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणूनच तिला विचारता आलं. सख्ख्या नात्यातलं कुणी असतं तर पहिल्या वाक्यालाच बाजू घेऊन बसलं असतं.

त्या गोष्टीतली मुलगी विसरू नका. घरावर संकट आहे आणि ती हिशोब मांडतेय, की मी नाहीतरी जाणारच, मला द्या. अशी एक शहाणी, गप्प मुलगी आजही प्रत्येक आजारी मुलाच्या घरात असते. भावाला दवाखान्यात नेतात म्हणून ती स्वतःची शाळेची फी मागत नाही, पोटात दुखलं तरी सांगत नाही. तिच्या समजूतदारपणाचं सगळे कौतुक करतात. चांगली परिचारिका मात्र मुलाच्या आईला विचारते, "घरी अजून कोण आहे? ती कशी आहे?" सेवा एका मुलाची करायची म्हटलं तरी आजारी असतं ते अख्खं घर, हे व्यासांनी त्या एका प्रसंगात दाखवून ठेवलंय.

आपल्या देशात ही गोष्ट फार आधी कुणीतरी कृतीत आणली होती. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला जागा दिली. वेडा माणूस म्हणजे भिंतीआड टाकायचा, असा तो काळ. त्यांनी घरच्यांना आत बोलावलं, शिकवलं, आणि रुग्णासोबत घरी पाठवलं. १९५७ साली सुरू झालेल्या वेल्लोरच्या मानसिक आरोग्य केंद्रातही घरच्या माणसाने रुग्णाबरोबर राहायचं, अशीच रीत ठेवली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या वॉर्डात आईला भेटायलाही ठरावीक वेळ असायची. १९५९ सालच्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईबापांना आत येऊ द्या असं सांगितलं. आज आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो की अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करायचं, मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, आणि दाखल असेपर्यंत पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने सोबत राहायचं. मुलीबरोबर पुरुष पालक असेल तर सोबतीला बाई हवी. मला हे कलम वाचताना धर्मग्रंथ वाचल्यासारखं वाटलं. मूल एकटं राहता कामा नये, हे कायद्यात लिहावं लागलं.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल: पण कधी कधी दोष खरंच घरच्यांचा असतो. बाप दारू पिऊन मारतो. जवळचाच कुणी मुलीला त्रास देतो. तिथेही दोष विचारायचा नाही का?

विचारायचा. तिथे गप्प बसणं हे अधर्माला साथ देणं आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, मग समोर मुलीचा काका असो की गावातला मोठा माणूस. मुलगी म्हणाली, "सिस्टर, आईला सांगू नका," तरी काही गोष्टी गुपित ठेवता येत नाहीत. ताई म्हणते, म्हणून ती मुलांना आधीच सांगून ठेवते, "तू सांगितलेलं मी सगळीकडे बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला विचारेन, कसं सांगू." खोटं वचन देऊन विश्वास मिळवायचा नाही, हे मला तिच्याकडून शिकायला मिळालं. म्हणजे दोष न देणं आणि डोळे मिटून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल वाचवण्यासाठी दोष ठरवावा लागला तर ठरवायचा. आपलं मन हलकं करण्यासाठी दोष वाटत सुटायचं नाही.

आणि मधली एक जागा आहे, तीही नीट समजून घेऊ. जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरांचा अभ्यास केला. १९७२ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या घरात सतत टीका, राग किंवा अतिकाळजीने घुसमटवणं होतं, तिथे बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ घराने आजार निर्माण केला असा होत नाही. घरातल्या बोलण्याने आजार बळावतो किंवा शांत राहतो, असा होतो. हे आईवडिलांना सांगायचं ते शिक्षा म्हणून नाही, आशा म्हणून. आजार तुमच्या हातात नसेल, पण रात्रीच्या जेवणाच्या वेळचा आवाज तुमच्या हातात आहे. दोष मागच्या काळाला चिकटलेला असतो, जबाबदारी उद्या सकाळपासून सुरू करता येते.

मग कर्मसिद्धांताचं काय? भक्तांच्या घरात हा प्रश्न सगळ्यात जास्त बोचतो. "आमच्या कर्माचं फळ पोराला." मला जे समजतं ते सांगते. कर्माचा विचार शास्त्राने दिला तो स्वतःकडे बघायला. मी आज जे करते त्याची जबाबदारी माझी, एवढं कळावं म्हणून. दुसऱ्याच्या आजारी लेकराकडे बघून त्याच्या मागच्या जन्माची वही उघडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ती वही आपण वाचलेलीच नाही. गीताही सांगते की कर्माचा मार्ग कळायला अवघड आहे. इतकं अवघड असलेलं गणित आपण सत्संगात दोन मिनिटांत सोडवून समोरच्या आईच्या अंगावर फेकतो, तेव्हा तो अहंकार असतो, भक्ती नसते. कुंतीला दुःखाचा अनुभव काय कमी होता? लाक्षागृहातून मुलं घेऊन पळालेली बाई ती. पण त्या घरात तिने कर्माचं प्रवचन दिलं नाही. तिने विचारलं, काय झालंय, आणि मी काय करू शकते.

इथे अजून एक बारीक गोष्ट आहे. कुंती म्हणाली, माझा मुलगा जाईल. ब्राह्मण म्हणाला, नको, पाहुण्याचा जीव घेऊन मला वाचायचं नाही. युधिष्ठिर परत आल्यावर तोही रागावला, की ज्याच्या बळावर आपण सगळे आहोत त्यालाच धोक्यात घातलंस? कुंतीचं उत्तर भावनेचं नव्हतं. तिने भीमाचं बळ पाहिलेलं होतं. ती म्हणाली, मी विचार करून ठरवलंय. म्हणजे नुसती दया पुरत नाही, दयेजवळ भीम लागतो. मुलाच्या मनाच्या आजारात आपण चांगल्या मनाने जाऊन "देवाचं नाव घे, सगळं ठीक होईल" एवढंच म्हणून आलो, तर आपण गवताची काडी घेऊन निघालोय. नाम घ्यावंच. पण तिथे शिकलेली परिचारिका लागते, डॉक्टर लागतो, औषध लागतं. नवस आणि गोळी यांचं भांडण नाही. नवस बोला, आणि गोळी वेळेवर द्या.

त्या काडीला मात्र मी हसणार नाही. त्या लेकराने खेळ केला म्हणून घर क्षणभर हसलं आणि कुंतीला आत यायला वाट मिळाली. मुलांच्या वॉर्डात खेळणी ठेवतात ती काही उगाच नाही.

आणि राजा? कुंतीला तो ब्राह्मण सांगतो की इथला राजा दुबळा आहे, प्रजेला राखत नाही, म्हणून घराघरावर पाळी येते. हे वाक्य वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार दिसला. साठ मुलांचा वर्ग धरा, चार मुलं. आपल्या महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यातलं एकही खान्देशात नाही. एरंडोलच्या एखाद्या शेतमजुराच्या पोराला त्रास झाला तर एसटीने आधी जळगाव नाहीतर धुळे, आणि तिथे भागलं नाही तर त्याहून लांब. रोजंदारी बुडते, सोबत राहायचं तर धाकट्याला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. एकेक घर आपापली पाळी आली की गाडा भरून एकटंच निघतं, आणि बाकीचं गाव आज आपली पाळी नाही म्हणून दार लावून घेतं. तेव्हा दोष कुणाचा विचारायचाच असेल, तर हा प्रश्न त्या आईला विचारण्याआधी राजाला विचारावा, आणि दार लावून बसलेल्या आपल्यालाही.

गोष्टीच्या शेवटी बकासुर मरतो. लोक ब्राह्मणाकडे येतात, विचारतात, आज तुझी पाळी होती ना, हे कुणी केलं? तो कुंतीचं नाव सांगत नाही, तशी तिची अट होती. एवढंच म्हणतो की कुणीतरी आमचं रडणं ऐकलं आणि धीर दिला.

*आजचा संकल्प:* ओळखीतल्या एखाद्या घरी मूल मनाने आजारी असेल, तर या आठवड्यात एकदा तिथे जायचं. कारण विचारायचं नाही, उपाय सुचवायचे नाहीत, "मी त्याच्याजवळ दोन तास बसते, तू झोप" एवढं म्हणायचं. आणि त्या घरातल्या गप्प भावंडाशी पाच मिनिटं बोलायचं. स्वतःला किंवा जवळच्या कुणाला गरज वाटली तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. मूल संकटात असेल तर १०९८. हे दोन्ही नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.

*आजची प्रार्थना:* देवा, भिंतीपलीकडचं रडणं ऐकू येईल एवढे कान दे. आत गेल्यावर गप्प बसता येईल एवढी बुद्धी दे. आणि रात्री तीन वाजता कुणाच्या तरी लेकराजवळ जाग्या असलेल्या सगळ्या सिस्टर्सना, ब्रदर्सना बळ दे.

उद्या पुढचा अध्याय. राम कृष्ण हरी.